चौकटीतले १२ म्हणजे १२ नव्हेत

माझ्या भाच्याने वडिलांच्या दुकानासाठी आयुष्यातला पहिला खिडकीवाला प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातलं पहिलंच बिल १२५ टॉवेलांचं निघालं. गिऱ्हाइकाने घेतले होते १२ पांढरे आणि ५ रंगीत. "मामा, बेरीज चुकायलीय बघा की," म्हणत तो लॅपटॉप काखेत मारून आला. बेरीज चुकली नव्हती. कॉम्प्युटरने बेरीज केलीच नव्हती. १२ च्या शेजारी ५ नेऊन चिकटवले होते.

दुकान सोलापूरच्या पूर्व भागातलं, चादरी-टॉवेलांचं. प्रोग्रॅम पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, तिच्यासोबतच येणाऱ्या टीकिंटर या खिडक्या-बटणं मांडायच्या साहित्याने बांधलेला. दोन टेक्स्ट बॉक्स, म्हणजे लिहायच्या चौकटी, एक बटण आणि खाली उत्तराची ओळ, एवढाच पसारा.

कीबोर्डवर १ चं बटण दाबलं की चौकटीत 'एक' ही संख्या जात नाही, त्या चिन्हाचा क्रमांक जातो. इंग्रजी १ चा क्रमांक ४९, २ चा ५०, ५ चा ५३. म्हणजे आपल्याला १२ दिसतात तिथे चौकटीजवळ ४९ आणि ५० अशी दोन चिन्हं ओळीने ठेवलेली असतात. हा नगांचा आकडा आहे, गिऱ्हाइकाचं नाव आहे की गावाचं, हे चौकटीला ठाऊक नसतं. ती चिठ्ठीसारखी, लिहिलंत ते जसंच्या तसं परत देते. या अक्षरांच्या माळेला प्रोग्रॅमर स्ट्रिंग म्हणतात, आणि दोन स्ट्रिंगांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं तर पायथन त्या जोडतं. 'राम' अधिक 'राव' म्हणजे 'रामराव'. त्याच न्यायाने १२ अधिक ५ म्हणजे १२५. गुणाकाराची तऱ्हा तर आणखी न्यारी: चौकटीतल्या १२ ला खऱ्या ३ ने गुणलं तर ३६ येत नाहीत, १२ तीनदा लिहून १२१२१२ येतात. एररही येत नाही, हे त्यातलं वाईट.

उपाय एका शब्दाचा. इंट नावाच्या फंक्शनमधून, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यातून, मजकूर काढला की त्याची पूर्णांक संख्या होते. दशांश असेल तर फ्लोट. भाच्याने ते केलं, आणि आता प्रोग्रॅम सुरू होताहोताच कोसळू लागला.

ही दुसरी चूक जरा खोल आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावरच्या जकार्ड या यंत्राने विणली जाते. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात आणि माग एकामागून एक कार्ड वाचत जातो. पहिलं कार्ड झालं की दुसरं, मध्ये कुणी काही विचारत नाही. जकार्डचं हे यंत्र फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराचं, आणि भोकांच्या कार्डांची तीच कल्पना पुढे कॉम्प्युटरांतही आली. नवशिका प्रोग्रॅमर मनात हाच माग धरून लिहितो: चौकट काढ, चौकट वाच, बेरीज कर, उत्तर दाखव. खिडकीवाला प्रोग्रॅम मात्र मागासारखा चालत नाही, दुकानातल्या गादीवर बसलेल्या शेटजीसारखा चालतो. सगळी मांडामांड करून बसायचं आणि कोण काय मागतं याची वाट बघायची. टीकिंटरमध्ये या बसण्याला मेनलूप म्हणतात. बटण दाबलं, अक्षर उमटलं, खिडकी मोठी केली, यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक गिऱ्हाईक. भाच्याने इंटची नवी ओळ टाकताना चौकट मांडल्याबरोबर, दुकानाचं शटर वर जायच्या आधीच, ती वाचली होती. त्या क्षणी ती रिकामी. रिकाम्या मजकुराची संख्या होत नाही, म्हणून पायथनने हात वर केले.

वाचायचं ते बटण दाबल्यावर, म्हणजे बटणाला जोडलेल्या फंक्शनच्या आत. इथेही एक बारीक ठेच आहे. बटणाला फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं. नावापुढे कंस टाकलेत तर ते बटण तयार होतानाच चालून जातं आणि नंतर कितीही दाबा, काही होत नाही. ही ठेच मीही खाल्ली आहे, दोनदा.

मग भाच्याच्या वडिलांनी विचारलं, "मराठी आकडे टाकले तर चालतील का?" भाच्याने नाही म्हणून टाकलं. मी म्हटलं, आधी टाकून तर बघ. सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मराठी १ चा क्रमांक २४०७, इंग्रजी १ पेक्षा अगदी वेगळा. तरीही पायथनचं इंट १२ ची संख्या बिनतक्रार करतं. कन्नड आणि तेलुगू आकड्यांचीही करतं. तीन भाषा एका गल्लीत बोलणाऱ्या गावाला पायथन सोयीचं पडावं! जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या दुसऱ्या भाषेला मात्र मराठी १२ दिलेत तर ते 'ही संख्या नव्हे' असं उत्तर देतं. पायथनच्या उदारपणालाही सीमा आहे. १,२५० मधला स्वल्पविराम त्याला चालत नाही, रुपयाचं चिन्ह चालत नाही, आणि १२.५ इंटला चालत नाही. पुढे-मागे राहिलेली मोकळी जागा तेवढी तो आपणहून झाडून टाकतो.

सगळंच संख्येत बदलावं असंही नाही. गिऱ्हाइकाच्या लँडलाइन नंबराची चौकट भाच्याने उत्साहाने इंटमधून काढली आणि सोलापूरचा ०२१७ हा कोड २१७ झाला. पुढचं शून्य गेलं, कारण संख्येच्या लेखी त्याला किंमत नाही. फोन नंबर आणि पिनकोड दिसायला आकडे, पण त्यांची बेरीज कोण करतो? ते मजकूरच राहू द्यावेत.

आता चुकीच्या मजकुराचं काय करायचं? टीकिंटरचा स्वभाव असा की बटणाच्या फंक्शनमध्ये एरर आली तरी खिडकी बंद पडत नाही. तक्रार मागच्या काळ्या पडद्यावर छापली जाते आणि तो पडदा दुकानदारापुढे उघडाच नसतो. त्याला दिसतं एवढंच की बटण दाबलं आणि काही झालं नाही. मग तो आणखी जोरात दाबतो. म्हणून संख्या करण्याचा प्रयत्न फसला तर तो आपणच पकडायचा आणि साध्या मराठीत सांगायचं: 'नगांच्या रकान्यात आकडा टाका.' लिहिलेलं पुसायचं नाही. कर्सर त्याच चौकटीत नेऊन ठेवायचा.

भाच्याला दर अक्षरागणिक तपासणी हवी होती, चुकीचं बटण दाबलं की अक्षर उमटूच नये अशी. मला ते पटत नाही. १२.५ लिहिणारा माणूस वाटेत '१२.' पाशी क्षणभर थांबतोच, आणि तेवढ्यासाठी त्याला दटावणं बरं नव्हे. आज आपण चौकटीत क्लिक करतो आणि लिहू लागतो, ही सोयसुद्धा आयती मिळालेली नाही. मजकूर लिहायच्या पूर्वीच्या अनेक प्रोग्रॅमांत 'आता लिहायचंय' असं मशीनला आधी सांगावं लागे. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर या संशोधकाने ही कटकट काढण्याचा ध्यासच घेतला; कट-कॉपी-पेस्टही त्याच कामातलं. आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा त्यांनी 'नो मोड्स' असं घालून घेतलं होतं.

प्रोग्रॅम दुकानात लागला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. भाच्याच्या वडिलांनी चष्मा सावरला आणि नगांच्या चौकटीत सावकाश टाइप केलं: '२ डझन'. खाली ओळ आली, नगांच्या रकान्यात आकडा टाका. त्यांनी ती दोनदा वाचली.

"आकडाच टाकलोय की," ते म्हणाले. "डझन कळत नाही होय ह्याला?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं, आणि स्टूल ओढून पुन्हा कोड उघडला.