मातीतला गंज म्हणजे समुद्रातल्या गंजाची सौम्य आवृत्ती नव्हे

पोलादी पाइपलाइन मातीत गाडली, म्हणजे खाऱ्या पाण्यापेक्षा ती सुरक्षित, असं बरेचजण धरून चालतात. मला हा समज धोक्याचा वाटतो. दोन्हीकडे क्रिया एकच आहे. अ‍ॅनोडच्या जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं आणि कॅथोडच्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. पण ही क्रिया अडते कशापाशी, ते दोन्हीकडे वेगळं आहे.

समुद्राच्या पाण्यात विजेला अडथळा जवळपास नसतोच. रेझिस्टिव्हिटी, म्हणजे वीज अडवण्याची क्षमता, जेमतेम २० ते २५ ओहम-सेंटीमीटर. तिथे तुटवडा असतो ऑक्सिजनचा. त्यामुळे पाणी जितकं खारट तितका गंज जास्त, हेही खरं नाही. मीठ साधारण ३ ते ३.५ टक्क्यांपर्यंत वाढवत नेलं की वेग वाढतो, त्यापुढे उतरतो, कारण दाट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. बुडालेलं उघडं पोलाद वर्षाला सरासरी ०.१ मिलिमीटरच्या आसपास झिजतं. खड्डे त्याहून खोल जातात.

मातीत वीज सहज वाहत नाही. १,००० ओहम-सेंटीमीटरखालची माती फार घातक समजतात, १०,००० च्या वरची बरीच सौम्य. म्हणजे घातक ठरणारी मातीसुद्धा समुद्रापेक्षा कितीतरी पट अडवणारी असू शकते. तरी पाइपला भोकं पडतात, कारण मातीत हवा सगळीकडे सारखी पोचत नाही.

एकच पाइप आधी रेताड जमिनीतून आणि पुढे चिकणमातीतून गेलाय असं समजा. रेतीत हवा खेळते, तर तिथेच गंज चढेल असं वाटतं. होतं उलटं. हवेशीर भाग कॅथोड बनतो आणि गुदमरलेला चिकणमातीतला भाग अ‍ॅनोड होऊन झिजतो. हाच प्रकार पाइपच्या गोलाईतही होतो. वर भरावाची मोकळी माती, खाली दबलेली ओली जमीन. म्हणून खड्डे बहुधा घड्याळातल्या सहाच्या जागी सापडतात. खोदल्यावर वरून ठीक दिसणाऱ्या पाइपखाली हात घालून पाहायचं ते यासाठीच. तिथे काळा थर लागला आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच सडक्या अंड्याचा वास आला, तर तो आयर्न सल्फाइड आहे. अशा वेळी सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा संशय घ्यायचा. त्यांना ऑक्सिजन लागतच नाही.

प्रवाह थोडा असला तरी तो एवढ्याशा जागेतून बाहेर पडतो, हे खरं दुखणं. १ अँपिअर वर्षभर वाहिला तर सुमारे ९ किलो लोखंड जातं. ते लांबलचक पाइपभर पसरलं तर कळणारही नाही. कोटिंगच्या नखाएवढ्या फटीतून गेलं तर पाइप आरपार. जुन्या लाइनमध्ये घातलेला नवा तुकडा जुन्याच्या आधी का जातो, याचं कारणही असंच: नवं स्वच्छ पोलाद गंजलेल्या जुन्याच्या तुलनेत अ‍ॅनोड ठरतं.

संरक्षणही म्हणून एकसारखं नसतं. समुद्रात पोलादाला जोडलेले, त्याच्याऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे अ‍ॅनोड चालतात. जास्त रोधाच्या मातीत त्यांचा विजेचा दाब अपुरा पडतो, तिथे मॅग्नेशियम लागतं. तेच समुद्रात घातलं तर भराभर संपून जाईल.

आणि खारवट चिकणमातीत दोन्ही दोष एकत्र येतात: वीज वाहायला मीठ आणि हवेतला फरक. तिथे कोरड्या दिवसांत घेतलेलं रेझिस्टिव्हिटीचं एकच रीडिंग धरून आराखडा करू नये. माती भिजली की तो आकडा झपाट्याने खाली येतो.