झोपलाय की बेशुद्ध पडलाय?

पुण्यात खोली करून राहणाऱ्या पोरांची पार्टी बहुधा एकाच वाक्यावर संपते: "झोपू दे त्याला, सकाळी उतरेल." बहुतेक वेळा उतरतेही. पण दारू पिऊन गाढ झोपलेला आणि दारूच्या विषबाधेने बेशुद्ध पडलेला, दोघेही गादीवर सारखेच दिसतात. डोळे मिटलेले, तोंड उघडं, घोरणं चालू. नुसतं बघून फरक कळत नाही, तपासावंच लागतं.

झोपलेल्याला मोठ्याने हाक मारा, खांदा गदागदा हलवा, दंडाला चिमटा काढा. तो वैतागतो, हात झटकतो, एखादी शिवी हासडतो. (शिवी ऐकून हायसं वाटावं असा हा एकमेव प्रसंग.) अधूनमधून कूसही आपणहून बदलतो. बेशुद्ध पडलेला एक तर काहीच करत नाही, किंवा जरासं कण्हून पुन्हा निपचित होतो.

मग श्वास मोजा, मोबाइलवर वेळ लावून, पूर्ण मिनिटभर. एरवी मिनिटाला १२ ते २० श्वास चालतात. ८ पेक्षा कमी भरले, किंवा दोन श्वासांमध्ये १० सेकंदांहून जास्त खंड पडला, तर ती झोप नव्हे. अंग गार नि चिकट लागणं, ओठ किंवा नखं निळसर पडणं, झोपेतच ओकणं, झटके येणं ही बाकीची लक्षणं. रुग्णवाहिका बोलवायला यातलं एकही पुरेसं आहे. सगळी जमायची वाट बघायची नसते.

'सकाळी उतरेल' यात खरी फसगत वेळेची आहे. शेवटचा पेग रिचवून माणूस आडवा झाला तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते, म्हणजे झोपल्यानंतरही काही काळ ती चढतच असते. यकृत तासाला साधारण एका छोट्या पेगइतकीच दारू निकामी करतं. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याचा शॉवर यांनी तो वेग तसूभरही वाढत नाही. शॉवरने उलट अंग आणखी गार पडतं आणि तोल जाऊन डोकं आपटतं ते वेगळंच.

"पण त्याने फक्त बिअर घेतली होती!" हिशोब करून बघा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग.

आणखी एक धोका उलटीचा. शुद्धीत असताना काही चुकून श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो. दारू फार झाली की तो ठसकाही लागत नाही आणि उताणा पडलेला माणूस स्वतःच्याच उलटीने गुदमरतो. म्हणून घशात बोटं घालून ओकायला लावू नका, गुंगीत असलेल्याला काही पाजू नका. कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे ठेवा, तोंड किंचित खाली. कोणीतरी शेजारी जागं राहायचं.

हे माहीत असूनही पोरं फोन करत नाहीत, कारण भीती. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे पदवीला असलेला जवळजवळ प्रत्येक जण कायद्याने लहानच. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेच्या अपघातात दोघांचा जीव गेला, तेव्हा पबमध्ये वय तपासण्यावर बरंच बोललं गेलं. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये वय तपासायला कोण येतंय? तिथे काही बिघडलं तर घरमालक, सोसायटी, गावाकडचे आईवडील, पोलीस असे सगळे एकदम डोळ्यांपुढे येतात आणि फोन खिशातच राहतो. ही भीती खोटी नाही, पण घरमालकाची समजूत नंतरही काढता येते. थांबलेल्या श्वासाला तेवढा वेळ नसतो.

१०८ ला रुग्णवाहिका फुकट येते, ११२ ही चालतो. श्वास थांबलाच तर फोन स्पीकरवर ठेवून छाती दाबायला लागा. डॉक्टरांना खरं सांगा: काय प्यायला, किती, कधीपासून, सोबत झोपेची गोळी किंवा आणखी काही घेतलं होतं का, जिन्यावरून किंवा गाडीवरून पडला होता का. शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो, आणि डोक्याला मार लागलेला माणूसही बघणाऱ्याला नुसता टल्लीच वाटतो.