सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असताना: रिकाम्या रस्त्यांच्या फोटोचं गणित

मुंबईच्या फोर्ट भागातला दादाभाई नौरोजी रस्ता पहाटे साडेचारला रिकामा असतो, पण तेव्हा काढलेल्या फोटोत आकाश काळंकुट्ट येतं आणि इमारतींचे घुमट त्यात हरवून जातात. सात वाजता आकाश सुरेख असतं, पण तोवर बस, टॅक्स्या आणि स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं रस्ता भरून टाकतात. हवा तो फोटो मधल्या जेमतेम आठ-दहा मिनिटांत मिळतो. ती मिनिटं कोणती, हे आदल्या दिवशीच काढून ठेवता येतं.

सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर येतो तेव्हा निरभ्र आकाशातून जमिनीवर साधारण साडेतीन लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं एकक) प्रकाश पोचतो. खगोलशास्त्रात इथून नागरी संधिप्रकाश सुरू झाला असं मानतात. रस्त्यावरच्या दिव्यांचा भिंतीवर पडणारा प्रकाश दहा लक्सच्या आसपास असतो, पण दगडी भिंत त्यातला तिसरा हिस्साच परत फेकते. हिशेब केला की दिसतं, या क्षणी दिव्यात उजळलेली भिंत आणि तिच्यामागचं आकाश यांची तेजस्विता जवळपास सारखी होते. कॅमेऱ्याला दोन्ही एकाच वेळी नीट टिपता येतात ते म्हणूनच. आधी आकाश मेलेलं असतं, नंतर दिवे फिके पडतात.

हा समतोल टिकत नाही. सूर्य उणे बारा अंशांवरून उणे सहावर येईपर्यंत आकाशाचा प्रकाश सुमारे चारशे पटींनी वाढतो. मुंबई १९ अंश अक्षांशावर असल्यामुळे सूर्य क्षितिजाकडे बराच उभा चढतो आणि हे सहा अंश साधारण २५ मिनिटांत संपतात. म्हणजे दर तीन मिनिटांना प्रकाश दुप्पट, फोटोग्राफीच्या भाषेत एक स्टॉप. लंडनमध्ये सूर्य तिरका चढतो, त्यामुळे तिथल्या फोटोग्राफरला मार्चमध्येसुद्धा आपल्या दीडपट वेळ मिळतो. परदेशी मार्गदर्शकांतला ‘ब्लू अवर’चा, म्हणजे गडद निळ्या आकाशाच्या तासाचा, सल्ला म्हणूनच मुंबईत तसाच्या तसा लागू पडत नाही. इथे तास नसतोच. सूर्योदयाच्या वेळेतून २२ मिनिटं वजा करा. तो मधला क्षण धरून आधीची आणि नंतरची चार-पाच मिनिटं तेवढी आपली.

आता घड्याळाकडे पाहू. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि मुंबई ७३ अंशांच्या जरा अलीकडे, त्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३९ मिनिटं मागे असतो. नागपूरला तोच सूर्य सरासरी २५ मिनिटं आधी उगवतो. मुंबईत मेअखेरीस सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, म्हणजे समतोलाचा क्षण ५:३७ च्या आसपास. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सव्वासातला, तर तोच क्षण ६:५० नंतर, आणि तोवर शहर कामाला लागलेलं असतं. हिवाळ्यात प्रकाशाआधी गर्दी येते, उन्हाळ्यात गर्दीआधी प्रकाश येतो. थंडीतली पहाट सुखाची असली तरी रिकाम्या रस्त्यासाठी एप्रिल-मेचे रविवार जास्त उपयोगी. फोर्टसारख्या ऑफिसांच्या भागात रविवारी उभ्या गाड्याही कमी असतात, आणि रिकाम्या रस्त्याचा खरा शत्रू माणूस नाही, पार्क केलेली गाडी आहे.

आकाशाचा तो गडद निळा रंग दिवसाच्या निळ्यापेक्षा वेगळा असतो. दिवसाचा निळा हवेच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा. संधिप्रकाशात सूर्यकिरण वातावरणातून फार लांबचा तिरका मार्ग कापून येतात. नुसत्या विखुरण्यानं डोक्यावरचं आकाश करडं-पिवळट दिसायला हवं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ मध्ये दाखवलं की तो निळा मुख्यतः ओझोनमुळे येतो. स्थितांबरातला ओझोन नारिंगी-पिवळा प्रकाश शोषतो आणि लांबच्या प्रवासात हा परिणाम साठत जातो.

एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, ठरवताना आकाशाच्या मागे लागू नका. दिव्यांचा प्रकाश पहाटभर स्थिर असतो, तेव्हा मोजमाप दिव्यात उजळलेल्या भिंतीचं घ्या आणि ते कायम ठेवा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचं माप) एफ/८, शटर ८ सेकंद ही बऱ्याच रस्त्यांवर चालणारी सुरुवात आहे. कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवून दर मिनिटाला एक फोटो घ्या. आकाश आपोआप चढत भिंतीच्या पातळीला येईल. ऑटो मोड इथे घात करतो. आकाश उजळू लागलं की तो शटर आखडतो आणि भिंत काळवंडते. दिव्यांचे गोळे पांढरेफेक होणारच, त्यासाठी जोडीला २ सेकंदांचा एक फोटो काढून ठेवावा.

स्क्रीनवर विश्वास टाकू नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कॅमेऱ्याचा स्क्रीन फार उजळ वाटतो, फोटो ठीक आला असं वाटतं आणि घरी पाहावं तर दोन स्टॉप काळा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा, स्क्रीनची चमक कमी करा. रंगांचंही तसंच. मंद प्रकाशात डोळ्याची संवेदनशीलता निळ्या-हिरव्याकडे सरकते आणि लाल रंग विझल्यासारखे दिसतात. दोनशे वर्षांपूर्वी चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे नोंदवलं. कॅमेऱ्यात असा बदल होत नाही, म्हणून डोळ्यांना काळपट दिसलेली टपालपेटी फोटोत लालभडक येते.

रंगसंतुलन ही सगळ्यात किचकट बाब. प्रकाशाची छटा केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका प्रकाश पिवळा, मोठा तितका निळा. सोडियम दिव्याचा प्रकाश सुमारे २००० केल्व्हिनचा, पांढऱ्या एलईडीचा ४००० ते ५७००, आणि पहाटेचं आकाश १० हजारांच्या वर. तिन्ही एकत्र बरोबर दिसतील असा आकडा नसतो. ३५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवलं तर आकाश निळं राहतं आणि दिवे उबदार. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या, स्वरूपातच घ्यावी. सोडियमच्या प्रकाशात निळा घटक जवळपास नसतोच, त्यामुळे त्या रस्त्यावरचा निळा दरवाजा तपकिरी येतो आणि संगणकावर कितीही खटपट केली तरी परत येत नाही. मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा राणीचा हार (तिथल्या दिव्यांच्या पिवळ्या माळेचं लाडकं नाव) गेला म्हणून मुंबईकर संतापले, आणि पुढे तिथे पुन्हा पिवळसर दिवे आले. तो संताप रास्त होता. निळ्या आकाशाला पिवळ्या दिव्याचाच तोल मिळतो.

आता जे बिघडतं त्याबद्दल. मे महिन्यात मुंबईच्या पहाटे हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, २४-२५ अंश सेल्सिअसवर असतो. २२ अंशांच्या एसी खोलीतून काढलेल्या लेन्सवर म्हणूनच बाहेर येताच बाष्प धरतं आणि पुसलं तरी पुन्हा येतं. कॅमेरा बंद बॅगेत, एसी नसलेल्या खोलीत आदल्या रात्रीच ठेवावा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये, लेन्समधलं स्थिरीकरण बंद करावं, दोन सेकंदांचा टायमर लावावा, गटाराच्या झाकणावर पाय टेकवू नये. अंधारात ऑटोफोकस भरकटतो. स्क्रीनवर दृश्य दहापट मोठं करून दूरच्या पाटीवर हाताने फोकस करा. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या) सेन्सरवर २४ मिमी लेन्स एफ/८ ला अडीच मीटरवर फोकस केली तर सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. दिव्यांना तारे फुटावेत म्हणून एफ/१६ वर जाण्याचा मोह आवरावा. विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रत्येक बिंदूचा ठिपका सुमारे २१ मायक्रॉनचा होतो, म्हणजे सेन्सरच्या चार-पाच पिक्सेलएवढा, आणि दगडी कोरीवकाम मऊ पडतं. एफ/११ वर थांबा. ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन’ ही लांब शटरच्या फोटोतले ठिपके घालवणारी सोय मात्र बंद ठेवा. ८ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ८ सेकंद अडकून राहतो, आणि इथे वेळच तर कमी आहे.

रस्ता पूर्ण रिकामा नसला तरी शटर बरंच काम करतं. चालणारा माणूस ८ सेकंदांत दहाएक मीटर जातो, म्हणजे कुठल्याही एका जागी तो अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ असतो. गडद कपडे असतील तर तो उमटतच नाही. पांढरा सदरा पुसट रेघ सोडतो आणि गाडीचे हेडलाइट मात्र हमखास उमटतात. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला, त्यात याच कारणाने रस्ता ओस दिसतो; दिसतो तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी करडी काच) लावून ८ सेकंदांचे ६४ करता येतात. सहा स्टॉपचा लावू नका. साडेआठ मिनिटांत आकाश जवळपास तीन स्टॉप बदलून जातं.

दिशेचा विचार आधी करावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची दर्शनी बाजू किंवा एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या समोरून टिपताना कॅमेरा पूर्वेकडे वळलेला असतो. पूर्व लवकर उजळते, तेव्हा तिथे सूर्योदयाच्या तीस मिनिटं आधीच सुरुवात करावी. मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड केलं की उलट. पश्चिम उशिरा उजळते, आणि हवा स्वच्छ असेल तर सूर्योदयाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी क्षितिजालगत पृथ्वीची करडी-निळी सावली व तिच्यावर गुलाबी पट्टा दिसतो. धुरकट हवेत तो विरतो. पाऊस पडून गेल्यावर उघाड मिळाली तर सोडू नये.

फुटपाथवर झोपलेले लोक रिकाम्या चौकटीचा भाग नाहीत. त्यांना टाळून कोन निवडा. वर्तमानपत्रांचे गठ्ठे लावणारे किंवा झाडलोट करणारे फ्रेममध्ये असतील तर आधी विचारा. स्टेशनच्या आवारात ट्रायपॉड लावायला रेल्वेची परवानगी लागते, आणि लायन गेटजवळच्या नौदल गोदीच्या दिशेने कॅमेरा रोखू नये.