जेट लॅग
जेट लॅग : विमानाने काही तासांत अनेक कालविभाग ओलांडल्यावर शरीराचे जैविक घड्याळ आणि मुक्कामाच्या गावची वेळ यांचा मेळ बसेपर्यंत होणारा तात्पुरता त्रास. रात्री झोप न लागणे, भर दुपारी डोळे मिटू लागणे, अवेळी भूक, बिघडलेले पोट, कामात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. साधारणपणे तीन किंवा अधिक तासांचा फरक पडला की ती जाणवतात. प्रवासाचा शीण वेगळा. मुंबईहून मॉरिशसला गेलेला माणूस दमतो, पण तिथली वेळ भारताच्या जेमतेम दीड तास मागे असल्याने एका रात्रीत ताजातवाना होतो.

हे घड्याळ म्हणजे मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागातील सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका. त्याचा फेरा बहुतेकांत २४ तासांहून किंचित मोठा असतो. म्हणून उशिरा झोपणे शरीराला जमते, लवकर झोपणे जड जाते. पश्चिमेकडचा प्रवास पूर्वेकडच्यापेक्षा सोसतो तो यामुळेच. ढोबळ मानाने घड्याळ पश्चिमेला दिवसाकाठी दीड तास सरकते, पूर्वेला एक तास. पेशींमधील या घड्याळाची जनुकीय यंत्रणा फळमाश्यांमध्ये उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घड्याळ सरकवणारी सर्वांत प्रभावी गोष्ट म्हणजे उजेड, आणि तो केव्हा मिळतो यावर सारे अवलंबून असते. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी, म्हणजे पहाटे चारच्या सुमारास, शरीराचे तापमान सर्वांत कमी असते. या टप्प्याआधीचा उजेड घड्याळ मागे नेतो, नंतरचा पुढे.

न्यूयॉर्कचे उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात तिथली वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. मुंबईहून नुकत्याच पोहोचलेल्याच्या शरीरातले पहाटेचे चार तिथे संध्याकाळी साडेसहाला वाजतात. म्हणून पहिल्या दिवशी दुपार घराबाहेर उजेडात काढावी आणि झोप कितीही अनावर झाली तरी रात्री नऊपर्यंत जागावे. परतीचे गणित उलटे आहे. तिथले पहाटेचे चार म्हणजे इथले दुपारचे दीड. आल्या आल्या सकाळच्या उन्हात फिरायला जाण्याचा सल्ला हमखास दिला जातो, पण पहिले एक-दोन दिवस त्याने घड्याळ नको त्या दिशेला सरकू शकते. सकाळी प्रखर ऊन टाळावे, दीडनंतर मनसोक्त उजेड घ्यावा. हा टप्पा रोज साधारण तासाभराने अलीकडे येतो, तसे बाहेर पडणेही अलीकडे आणावे.

अंधार पडल्यावर पिनियल ग्रंथीतून स्रवणारे मेलाटोनिन गोळीच्या रूपातही मिळते. मुक्कामाच्या ठिकाणी झोपायच्या वेळी ०.५ ते ५ मिलिग्रॅम घेतल्यास अनेकांना उपयोग होतो. अपस्माराच्या रुग्णांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र ते परस्पर घेऊ नये. दुपारची डुलकी अर्ध्या तासात आटोपावी. चहा-कॉफी दुपारनंतर टाळलेली बरी. मद्याने झोप लवकर लागते, पण मध्येच मोडते.

चार दिवसांच्या कामासाठी गेलेल्याने घड्याळ बदलायच्या खटपटीत न पडणेच शहाणपणाचे. महत्त्वाच्या बैठका आपल्याला तरतरी वाटेल त्या वेळी ठेवाव्यात. नातवंडांसाठी अमेरिकेला जाणाऱ्या ज्येष्ठांची काळजी वेगळी असते. इन्सुलिन घेणाऱ्यांचा प्रवासाचा दिवस पश्चिमेला जाताना लांबतो, परतताना आखडतो. त्या दिवशी किती मात्रा केव्हा घ्यायची, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि तो कागद औषधांसह हातातल्या पिशवीत ठेवावा.