डॉपलबॉक कशी पारखावी: गडद जर्मन लागर नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डॉपलबॉक पहिल्यांदा चाखणारे ग्राहक हमखास दोन प्रश्न विचारतात. इतकी गडद आहे तर कडू कशी लागत नाही? आणि इतकी गोडसर आहे तर साखर घातली आहे का? दोन्हींचे उत्तर मॉल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यात आहे. जर्मनीत लागर (थंडीत आंबवून मुरवलेली बिअर) बनवताना साखर घालायला परवानगीच नाही. पाणी, बार्लीचा मॉल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) आणि यीस्ट एवढ्यावरच सगळे उभे राहते. चांगली डॉपलबॉक भरदार असते, पण चिकट गोड नसते. हा फरक जिभेला कळू लागला की निम्मी पारख जमली.

ही बिअर नेमकी कोणती

म्युनिकच्या आउ भागातल्या पाउलानर मठातले साधू सतराव्या शतकापासून बिअर गाळत. ईस्टरपूर्वीच्या उपवासात घेण्याची त्यांची ताकदीची बिअर पुढे ‘साल्वाटोर’ नावाने प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव पाउलानरने स्वतःपुरते राखून घेतले, तेव्हा इतरांनी तशाच शेवटाची नावे शोधली: आयिंगरची सेलेब्राटोर, श्पाटनची ऑप्टिमाटोर, ऑगस्टिनरची माक्सिमाटोर. सगळेच या वाटेने गेले नाहीत. वाइनश्टेफानची डॉपलबॉक कॉर्बिनियान नावाने मिळते.

किण्वनाआधी, म्हणजे यीस्टने साखरेचे अल्कोहोल करण्याआधी, मॉल्टचा जो गोड रस असतो, त्याच्या दाटपणावरून बिअरचा वर्ग ठरतो. डॉपलबॉकसाठी हा दाटपणा किमान 18 अंश प्लेटो धरतात, म्हणजे 100 ग्रॅम रसात सुमारे 18 ग्रॅम विरघळलेला अर्क. घनतेच्या भाषेत (पाणी 1 धरून) 1.074. यीस्टने काम नीट केले तर ही घनता 1.018 च्या आसपास उतरते आणि अल्कोहोल साधारण 7.3 टक्के भरते. बाजारातली उदाहरणे: साल्वाटोर 7.9, कॉर्बिनियान 7.4, आंडेक्सची गडद डॉपलबॉक 7.1, सेलेब्राटोर 6.7 टक्के. कडवटपणा 16 ते 26 आयबीयू (कडवटपणा मोजायचे एकक), म्हणजे बहुतेक जर्मन पिल्सनरपेक्षा (फिकी, कडवट लागर) कमी.

रंग आणि चव येते ती मुख्यतः म्युनिक मॉल्टमधून. हा मॉल्ट साध्या पिल्सनर मॉल्टपेक्षा जास्त उष्णतेवर वाळवतात, त्यामुळे दाणा आतून खरपूस होतो, पण करपत नाही. अनेक ब्रुअर मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या मॉल्टचा) साधारण तिसरा हिस्सा बाजूला काढून उकळतात आणि परत मिसळतात. त्याने खमंगपणा आणखी खोल होतो.

चाखण्याआधी

बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. चाखण्याच्या वेळी बिअर 8 ते 10 अंश सेल्सिअस हवी. फ्रिजमधून 4 अंशांवर काढलेली बाटली पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवली की पुरते; मे महिन्यात दहा मिनिटेसुद्धा पुष्कळ. बर्फगार बिअरमध्ये मॉल्टचा वास दबतो आणि दोषही लपतात. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवायचा नाही, त्यात बर्फ तर मुळीच नाही.

ग्लास वाइनचा किंवा तोंडाशी निमुळता घ्या. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस लगेच विरतो. ओळखायची सोपी खूण: ओतल्यावर ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास स्वच्छ नाही. गरम पाण्याने खळखळून धुवा आणि कापडाने न पुसता उपडा निथळू द्या.

खोलीत उदबत्ती, अत्तर, स्वयंपाकघरातली फोडणी यांपैकी काही नको. तासभर आधी पान, कॉफी आणि झणझणीत खाणे टाळा. दोन घोटांमध्ये साधा पाव आणि फ्रिजमधले नसलेले पाणी घ्या. एकापेक्षा जास्त बिअर असतील तर फिकी आधी, मग म्युनिक डुंकेल (गडद पण हलकी लागर), आणि डॉपलबॉक शेवटी. तिच्यानंतर हलकी लागर पाणचट वाटते आणि तिच्यावर अन्याय होतो. प्रत्येकी 100 मिली पुरे.

ओतणे, पाहणे, हुंगणे

ग्लास तिरपा धरून निम्मा भरा, मग सरळ करून मधोमध ओता. दोन बोटे फेस आला पाहिजे: बारीक, मलईदार, किंचित बदामी. अल्कोहोल जास्त असल्याने तो पिल्सनरइतका टिकला नाही तरी चालेल, पण मिनिटाभरात पूर्ण नाहीसा होऊ नये.

आता ग्लास पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरा आणि बिअरची कड पाहा. मध्यभागी गडद तपकिरी आणि कडेला माणकासारखी लाल झाक दिसली तर उत्तम. साल्वाटोर तांबूस-तपकिरी असते, सेलेब्राटोर जवळपास काळी दिसते, दोन्ही योग्य. फिकी डॉपलबॉकही असते, म्हणून नुसत्या रंगावरून गुण कापू नका. गढूळपणा मात्र दोष आहे. महिनोन्महिने थंडीत मुरलेली लागर नितळच हवी.

वास ओतल्या-ओतल्या घ्या, कारण काही दोषांचे वास लवकर उडतात. आधी लहान-लहान दोन-तीन हुंगणी, मग तळव्याने ग्लास झाकून हलके फिरवा आणि एकदा खोल. खरपूस पावाचा पापुद्रा, टोस्ट, थोडा कॅरमेल, गडद बिअरमध्ये मनुका किंवा सुके अंजीर, एवढे सापडायला हवे. हॉप्सचा वास जवळजवळ नसतोच. अल्कोहोल ऊब म्हणून जाणवावे, नाकात झोंबू नये.

घोट

पहिला घोट फक्त तोंड तयार करतो; मत दुसऱ्यावर बनवा. घोट जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. मग दहा-पंधरा सेकंद थांबा. सुरुवातीला मॉल्टचा गोडवा येतो, मधे खमंगपणा भरतो, आणि शेवटी गोडवा ओसरून मॉल्टची चव मागे राहिली पाहिजे. ओठ चिकट वाटले आणि दुसरा घोट नकोसा झाला तर किण्वन अर्धवट राहिले आहे. घनता 1.018 ऐवजी 1.028 ला अडकली की अल्कोहोल सहाच्या आसपास राहते आणि उरलेली साखर जिभेवर बसते. कारणे बहुधा तीन: यीस्ट कमी, सुरुवातीला प्राणवायू कमी, किंवा तापमान फार लवकर उतरवलेले. लागरसाठी दर मिलीलिटरमागे, दर अंश प्लेटोमागे सुमारे 15 लाख पेशी हा रूढ हिशेब आहे. 18 अंशांच्या रसाला मिलीलिटरमागे पावणेतीन कोटी पेशी लागतात, आणि हात आखडता घेतला जातो तो इथेच.

ग्लास संपवण्याची घाई करू नका. शेवटचा तिसरा भाग 13-14 अंशांपर्यंत येऊ द्या आणि पुन्हा चाखा. चांगली डॉपलबॉक इथे अधिक खुलते, सदोष बिअर उघडी पडते.

हमखास सापडणारे दोष

लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आणि जिभेवर निसरडेपणा म्हणजे डायअसिटिल. यीस्टच तो बनवते आणि शेवटी परत शोषूनही घेते, पण त्यासाठी थंड करण्याआधी दोन-तीन दिवस 15 ते 18 अंशांची ऊब द्यावी लागते. घाई केली की तो राहतो. अनेकांना हा वास मॉल्टचाच वाटतो, म्हणून इथे विशेष लक्ष द्या.

कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर पुरेशी मुरलेली नाही. केळ्याचा किंवा नेलपॉलिशचा वास आला तर किण्वन फार उबेत झाले आहे. लागरचे यीस्ट 8 ते 12 अंशांवर काम करते.

करपट, राखेसारखी कडू चव म्हणजे रंगासाठी काळा भाजलेला मॉल्ट सढळ हाताने घातला आहे. स्टाउट या काळ्या बिअरमध्ये अशी चव खपते, इथे नाही. आमच्या मते डॉपलबॉकमधला हा सर्वांत मोठा शैलीदोष आहे.

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअरला हवा लागली किंवा ती तापली. आयात बाटल्यांत हा दोष सर्वाधिक सापडतो. उन्हातल्या गाडीच्या डिकीत एक दुपारही नको. जुन्या बाटलीत शेरी वाइनसारखी झाक येते, ती थोडी असली तर काहींना आवडते.

गुण कसे द्यावेत

स्पर्धांमध्ये रूढ असलेली बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची 50 गुणांची पद्धत घरीही चालते: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला भरदारपणा 5, एकूण मत 10. आधी काय जाणवले ते शब्दांत लिहा, आकडा नंतर. शेजाऱ्याने गुण लिहीपर्यंत बोलू नका. एकाने ‘लोणी’ म्हटले की सगळ्यांना लोणीच लागते. 38 च्या वर गेलेली बिअर उत्कृष्ट समजा, 21 च्या खाली असेल तर कुठला दोष आहे ते नावानिशी लिहा.

प्रमाण

साडेसात टक्क्यांच्या अर्ध्या लिटर डॉपलबॉकमध्ये पाच टक्क्यांच्या पाऊण लिटर बिअरएवढे अल्कोहोल असते. चव मऊ असल्याने ते जाणवत नाही. चाखल्यानंतर गाडी चालवू नका. कायद्याने ठरवलेल्या वयाखालच्यांना ही बिअर आम्ही देत नाही.

बाटलीत दोष वाटला तर

निम्मी बाटली शिल्लक असतानाच झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्याकडे आणा. सोबत लेबलवरची तारीख, बाटली कुठे आणि किती दिवस ठेवली होती, आणि पहिला वास कसला आला हे लिहून द्या. रिकामी बाटली पाहून आम्हाला काहीच सांगता येत नाही.