विंग वॉकर आला कुठून? विमान हँगरमध्ये ओढून नेण्यामागची पार्श्वभूमी

६ फेब्रुवारी २०२४ ला हाँगकाँग विमानतळावर पहाटेच्या अंधारात एक विमान ओढून नेताना टो ट्रॅक्टरवर बसलेला कामगार खाली पडला आणि मागून येणाऱ्या त्याच विमानाखाली सापडून मेला. इंजिन बंद, आत प्रवासी नाहीत, वेग म्हणाल तर माणूस भरभर चालेल एवढाच. आणि म्हणूनच आमच्या लाईनमध्ये दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी विचारतं की बंद विमान हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये, सरकवायला पाच-सहा माणसं, त्यात पंखांच्या टोकांपाशी लक्ष ठेवत चालणारे विंग वॉकर, कशाला पाहिजेत, दोघांत भागेल की. नाही भागत, आणि का नाही भागत ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

अगदी पहिल्या विमानापर्यंत. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक. राईट बंधूंची चार उड्डाणं झाली, शेवटचं ५९ सेकंदांचं, आणि विमान नुसतं वाळूवर उभं होतं तेव्हा वाऱ्याचा झोत आला. जॉन डॅनियल्स नावाचा माणूस, ज्याने पहिल्या उड्डाणाचा तो प्रसिद्ध फोटो काढला तोच, विमान धरायला धावला आणि त्याच्यासकट विमान लोळत गेलं. तो वाचला, पण ते विमान परत कधी उडालं नाही. म्हणजे आकाशात चारदा जाऊन धड आलेलं यंत्र जमिनीवर उभ्या उभ्या मोडलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पंखाला हवा लागली की तो उचलायला बघणारच, इंजिन चालू आहे की बंद याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पण हँगरच्या दाराची भीती खरी शिकवली ती हवाई जहाजांनी, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणाऱ्या अवाढव्य फुग्यासारख्या जहाजांनी. आधी जर्मनी बघा. १९०० साली झेपेलिनचं पहिलं जहाज तयार झालं तेव्हा त्याची शेड कॉन्स्टन्स सरोवरात तरंगती बांधली होती, का, तर वारा जिकडून येईल तिकडे शेड फिरावी आणि जहाज बाहेर काढताना आडवा वारा लागू नये. म्हणजे प्रश्न काय आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी १६ मे १९११ ला ड्युसेलडॉर्फला डॉइचलँड नावाचं जहाज माणसं दोऱ्या धरून शेडमधून बाहेर नेत होती आणि आडव्या वाऱ्याने ते त्यांच्या हातातून सुटून शेडवरच आदळलं. कॅप्टन होते ह्यूगो एकेनर. पुढे ते हवाई जहाजांच्या दुनियेतलं सगळ्यात सावध माणूस म्हणून ओळखले गेले, वारा पटला नाही तर नाही निघायचं, समोर कोणीही बसलेलं असो. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये बॅरोला रॉयल नेव्हीचं मेफ्लाय शेडमधून बाहेर काढताना मधोमध मोडलं, एकदाही न उडता. अमेरिकेत १९३२ च्या फेब्रुवारीत लेकहर्स्टला ॲक्रॉन नावाचं जहाज बाहेर काढताना शेपूट आपटलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियात तेच जहाज उतरवताना दोऱ्या धरलेली तीन माणसं वर ओढली गेली, त्यातली दोन पडून मेली. दोरी सोडायची कधी हे आधी ठरलेलं असणं किती महत्त्वाचं असतं ते यातून कळतं.

आपल्याकडचा धागा पण इथेच लागतो. इंग्रजांनी कराचीला आर-१०१ या हवाई जहाजासाठी अवाढव्य शेड बांधून ठेवली होती, पण ते जहाज भारताकडे येताना ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्ये कोसळलं, शेड तशीच रिकामी राहिली. आणि दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, त्याच कराचीहून जेआरडी टाटा एवढंसं पस मॉथ घेऊन निघाले आणि जुहूला उतरले. त्या विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ११ मीटर, दोघातिघांनी शेपटी उचलून ढकललं की झालं. जुहूला झावळ्यांच्या छपराची झोपडी आणि पावसाळ्यात मैदान पाण्याखाली, म्हणून चार महिने सगळं बस्तान पुण्याला. त्या काळात टोइंग, म्हणजे विमान ओढून नेणं, हा वेगळा विषयच नव्हता.

विषय झाला तो विमान पुढच्या चाकावर उभं राहायला लागल्यावर. डाकोटा हे जुनं विमान शेपटीवर बसायचं, पण ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला पहिलं निघालेलं मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन होतं, त्याला नोज व्हील, वजन भरलं की चाळीस टनांच्या वर. आता ढकलायची सोय संपली, पुढच्या चाकाला टो बार, म्हणजे ओढायचा दांडा, लावायचा आणि ट्रॅक्टरने ओढायचं. मग १९६० ला एअर इंडियाकडे बोईंग ७०७ आलं. जेट आपल्या इंजिनावर हँगरपाशी न्यायचं म्हणजे मागच्या झोताने शिड्या, ट्रॉल्या, माणसं उडणार, त्यामुळे हँगरमध्ये आतबाहेर करणं म्हणजे ओढणंच, असं पक्कं झालं.

आणि ७०७ ने अजून एक गोष्ट आणली, मागे वळलेले पंख. हे समजून घ्या, कारण नवीन पोरं इथेच चुकतात. एसटी डेपोतून बाहेर पडताना डावीकडे वळते तेव्हा तिचा मागचा कोपरा उजवीकडे बाहेर फेकला जातो ना, मागच्या चाकांच्या मागे जो भाग लोंबतो तो, अगदी तसंच. वळलेल्या पंखाचं टोक मुख्य चाकांच्या बरंच मागे असतं, त्यामुळे नोज वळवला की बाहेरच्या बाजूचं टोक आधी अजून बाहेर जातं आणि मग आत येतं. सरळ असताना खांबापासून दोन मीटर लांब दिसणारा पंख वळणात खांबाला लागतो. ट्रॅक्टरचालक तर विमानाच्या नाकाखाली बसलेला, त्याला टोक दिसतच नाही, आणि १९७१ ला एअर इंडियाचं जम्बो, म्हणजे बोईंग ७४७, आलं तेव्हा तर कॉकपिटमधला माणूस तिसऱ्या मजल्यावर, पंख जवळपास ६० मीटर आणि शेपूट १९ मीटर उंच. म्हणून प्रत्येक टोकाला एक माणूस, शेपटीला एक माणूस, तोंडात शिट्टी, आणि ती वाजली की कारण न विचारता थांबायचं. विंग वॉकर आला तो असा, चालकाला जे दिसत नाही ते बघायला.

कॉकपिटमध्ये ब्रेक रायडर, म्हणजे ओढताना ब्रेक सांभाळणारा माणूस, का लागतो तेही सांगतो. इंजिन बंद म्हणजे हायड्रॉलिक पंप बंद, ब्रेकसाठी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठवलेलं प्रेशर असतं तेवढंच, थोड्या वेळा दाबलं की संपलं, म्हणून आधी गेज बघायचा आणि मगच टो सुरू. टो बारमधली शिअर पिन मुद्दाम कमजोर असते, जास्त ताण आला की ती तुटावी आणि नोज गिअर, म्हणजे पुढच्या चाकाचा पाय, वाचावा म्हणून. पण ती तुटली की रिकाम्या जम्बोचे पावणेदोनशे टन मोकळे सुटतात, तेव्हा वर बसलेला माणूस डुलक्या घेत असेल तर पुढे भिंत आहे.

टो बार नको असणारे ट्रॅक्टर, जे नोज व्हीलच उचलून धरतात, त्यांची सुरुवात पण गमतीची आहे. ओरेगॉनमधली लेक्ट्रो कंपनी मिंक नावाच्या प्राण्यांना खाद्य वाटायच्या बॅटरीच्या गाड्या बनवायची, त्यातून १९६० च्या दशकात विमान ओढायची गाडी निघाली. मोठ्या जेटसाठी जर्मन कंपन्यांनी ते १९८० च्या दशकात आणलं. काम जलद झालं, एक जोडणी कमी झाली, पण पंखाचं टोक चालकाला तेव्हाही दिसत नव्हतं आणि आताही दिसत नाही.

हे सगळं बरीच वर्षं ज्याच्या त्याच्या हँगरपुरतंच राहिलं, कारण ठोकल्याची बातमी बाहेर जात नसे. २००३ ला फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने जमिनीवरच्या अपघातांवर कार्यक्रम सुरू केला तेव्हा जगभरात वर्षाला सुमारे २७,००० रॅम्प अपघात (रॅम्प म्हणजे विमानतळावर विमानं उभी करायची जागा), म्हणजे दर हजार उड्डाणांमागे एक, असा अंदाज पुढे आला आणि लोक हादरले. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, आयएटीएने, ग्राउंड हँडलिंगचं, म्हणजे विमानाच्या जमिनीवरच्या कामांचं, आयसागो नावाचं ऑडिट २००८ ला आणलं. मग बोईंग ७८७ ड्रीमलायनर आलं, कार्बन फायबरचं. ॲल्युमिनियमला धडक बसली की पोचा दिसतो, कार्बनला वरून काहीच दिसत नाही आणि आतले थर सुटलेले असू शकतात. त्यामुळे "हलकंच लागलं, जाऊदे" हे आता अजिबात चालत नाही, लागलं की सांगायचंच. आणि सांगणाऱ्याला मेमो देणारा सुपरवायझर असेल तर कोणी सांगणार नाही, हे मी रात्रपाळीत डोळ्यांनी बघितलंय, म्हणून इतकं कळवळून लिहितोय.

धडका थांबल्या असंही नाही. १० फेब्रुवारी २०२३ ला लॉस एंजेलिसला ओढून नेत असलेलं ए३२१ बसला धडकलं, पाच जण जखमी. ६ एप्रिल २०२४ ला हीथ्रोला ओढलं जाणारं रिकामं ७८७ उभ्या ए३५० च्या पंखाला घासलं. आपल्याकडे १६ डिसेंबर २०१५ ला मुंबईत पुशबॅकनंतर, म्हणजे ट्रॅक्टरने मागे ढकलल्यावर, विमान पुढे निघालं आणि हेडसेटवरचा टेक्निशियन इंजिनात ओढला गेला. ते हँगरचं टोइंग नव्हतं आणि इंजिन चालू होतं, पण माणूस बाजूला झालाय का हे पक्कं कळेपर्यंत हलायचं नाही हा धडा दोन्हीकडे एकच आहे.

नागपूरला मिहानमध्ये २०१५ ला सुरू झालेल्या एमआरओचे, म्हणजे विमान दुरुस्ती केंद्राचे, हँगर शंभर बाय शंभर मीटरचे, ७७७ चा पंख ६५ मीटरच्या आसपास, म्हणजे एकटं विमान आरामात बसतं. पण हँगर कधी एका विमानासाठी रिकामा ठेवलेला बघितलाय? दोन-तीन विमानं तिरकी लावून, मध्ये डॉकिंग, म्हणजे कामासाठी विमानाभोवती लावायचे प्लॅटफॉर्म, शिड्या, जॅक, आणि त्यात नवीन विंगटिप वर वळलेल्या, खालून बघताना अंतर हमखास चुकतं. पावसाळ्यात त्यात भर, ओली चाकं गुळगुळीत फ्लोअरवर येतात आणि बाहेरच्या उन्हापावसातून आत शिरताना चालकाला दोन-तीन सेकंद काही दिसत नाही. मॅन्युअलमध्ये टोइंगसाठी वाऱ्याची मर्यादा दिलेली असते, ती गाठली की विमान बाहेरच चाकांना चॉक, म्हणजे अडकण, लावून ठेवायचं आणि सकाळच्या शिफ्टला सांगून घरी जायचं. एकेनरनी हेच केलं असतं.