पोर्ट्रेटसाठी पहिला फ्लॅश घेताय? मग हे आधी वाचा (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात फ्लॅश बघायला येणारे बरेच जण आल्याआल्या विचारतात, सगळ्यात पॉवरफुल कोणता आहे? आम्ही उलट विचारतो, फोटो कुठे काढता आणि किती वाजता? कारण घरात पोराबाळांचे फोटो काढायला जो फ्लॅश पुरून उरतो तोच भर दुपारी टेकडीवर नेला तर लागला की नाही तेसुद्धा कळत नाही, आणि उन्हासाठीचं मोठं धूड हॉलमध्ये लावलं तर पॉवर कमी करत बसावं लागतं. हौसेसाठी घेताय, दर रविवारी खांद्यावरून न्यायचंय, त्यामुळे नीट ठरवून घ्या, आणि शक्यतो आधी एकदा भाड्याने नेऊन बघा.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर मोठ्या अक्षरात "जीएन ६०" असं छापलेलं असतं. या गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागलं की आयएसओ १०० ला (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) कुठलं अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक, एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) मिळेल ते येतं, म्हणजे ३ मीटरवर एफ/२०. वाचायला भारी वाटतं, पण तो आकडा फ्लॅशचं डोकं २०० एमएमला झूम करून, पुढे काहीही न लावता, सरळ समोर मारल्यावरचा आहे, आणि माणसाच्या चेहऱ्यावर असा प्रकाश कोणालाच नको असतो. तोच फ्लॅश पांढऱ्या अंब्रेलातून (प्रकाश मऊ करणाऱ्या छत्रीतून) दीड मीटरवरून फुल पॉवरला मारा, एफ/५.६ ते एफ/८ च्या आसपास मिळतं. घरात, सावलीत, संध्याकाळी एवढं भरपूर झालं, पाव पॉवरवरसुद्धा काम भागतं.

आता दुपारचं बघा. कडक उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० सेकंद ठेवलं तर अ‍ॅपर्चर एफ/११ येतं. माणसाला उन्हाकडे पाठ करून उभं केलं, केसांवर मागून ऊन आलं, छान दिसतं, पण चेहरा काळा पडतो आणि तो उजळायला फ्लॅशने एफ/११ च्या जवळपास जायला हवं. अंब्रेलातला साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) तिथे एक-दोन स्टॉप कमी पडतो, एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. स्पीडलाइटची ताकद साधारण ७०-७५ वॉट-सेकंद (एका झटक्यातली ऊर्जा) धरा, गोडॉक्स कंपनीच्या एडी-२०० प्रो सारख्या फ्लॅशची २०० आहे, म्हणजे साधारण दीड स्टॉप जास्त, त्यामुळे उन्हात खरा फरक इथूनच पडायला लागतो. फुल पॉवरच्या सुमारे ५०० फायर एका चार्जमध्ये मिळतात आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्सच्या कप्प्यात बसतो, हौशी माणसाला आम्ही बहुतेक वेळा यापुढे जाऊच देत नाही.

का, तर ऐका. २०० च्या जागी ४०० वॉट-सेकंद घेतला तरी वाढतो फक्त एक स्टॉप. तोच एक स्टॉप फ्लॅश २ मीटरवरून १.४ मीटरवर आणला की फुकट मिळतो, कारण अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो आणि जवळ आणलं की त्याच हिशोबाने वाढतो. वर जवळ आणल्यावर प्रकाश मऊही होतो. चारपाच जणांचा ग्रुप काढायचा असेल, फ्लॅश लांबच ठेवावा लागणार असेल, तेव्हा ४००-६०० चा विचार करा, एका माणसाच्या पोर्ट्रेटसाठी नको.

बॅकग्राउंड धूसर पाहिजे असेल तर

दुपारी एफ/२.८ ला फोटो हवा असेल तर वरच्या हिशोबाने शटर १/३२०० पर्यंत न्यावं लागतं. साध्या फ्लॅशचा सिंक (फ्लॅश नीट लागतो ते सगळ्यात जलद शटर) बऱ्याच कॅमेऱ्यात १/२०० किंवा १/२५० ला थांबतो, त्यापुढे हायस्पीड सिंक (एका झटक्याऐवजी लागोपाठ बारीक झटके) लागतं, आणि ते चालू केलं की फ्लॅशची ताकद दोन स्टॉप किंवा जास्तच खाली येते. म्हणजे उन्हात जिथे आधीच कमी पडत होतं तिथेच अजून कमी. दुसरा रस्ता म्हणजे लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावायचा आणि शटर १/२०० लाच ठेवायचं. एनडीमुळे फ्लॅशचा प्रकाशही तेवढाच कापला जातो हे खरं, पण अ‍ॅपर्चर चार स्टॉप उघडल्यामुळे तो परत मिळतो आणि हायस्पीड सिंकमधलं नुकसान वाचतं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो, त्यामुळे आधी फोकस करून मग फिल्टर लावा. सगळ्यात सोपं म्हणजे साडेपाचनंतर जा. पण मग एक छोटी गोष्ट लागते, नारिंगी जेल (फ्लॅशपुढे लावायचा रंगीत पारदर्शक तुकडा), कारण मागे सोनेरी ऊन आणि चेहऱ्यावर फ्लॅशचा पांढरट-निळसर प्रकाश असा फोटो चिकटवल्यासारखा दिसतो. जेलचा तुकडा अगदी स्वस्त आहे, फ्लॅशसोबत घेऊनच जा.

पैसे आधी कुठे घालावे

आमचं स्पष्ट मत, फ्लॅश एक पायरी खालचा घ्या पण ट्रिगर (कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश पेटवणारं उपकरण), स्टँड आणि अंब्रेला त्याच दिवशी घ्या. कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावलेला महागडा फ्लॅशसुद्धा चेहरा सपाट करतो, नाकाखाली-हनुवटीखाली काही आकारच राहत नाही. तोच फ्लॅश स्टँडवर, कॅमेऱ्यापासून अंदाजे ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या थोडा वर नेऊन बघा, गालाला उतार येतो, डोळ्यात वरच्या बाजूला चमक दिसते. दुकानात मागच्या भिंतीपाशी आम्ही हे करून दाखवतो, कोणालातरी सोबत घेऊन या.

४३ इंची पांढरी अंब्रेला सगळ्यात स्वस्त आणि घरात सगळ्यात सोपी, पण बाहेर वारा असेल तर स्टँडसकट उडते. टेकडीवर, नदीकाठी जाणार असाल तर ६० सेंटीमीटरचा घडीचा सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड असलेला डबा) बरा, आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी किंवा निदान तुमची कॅमेरा बॅग अडकवाच. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून त्याच्या आकाराएवढ्याच अंतरावर ठेवा, लांब नेला की कडक होतो. फ्लॅटमध्ये काहीच नको असेल तर फ्लॅशचं डोकं पांढऱ्या सिलिंगकडे वळवा, फक्त भिंत-सिलिंग रंगीत असेल तर तो रंग चेहऱ्यावर येणार.

कॅमेरा सोबत आणा

हे मनापासून सांगतोय. ट्रिगर कॅमेऱ्याच्या कंपनीप्रमाणे वेगळे येतात, कॅननचा निकॉनला चालत नाही, सोनीचा तर शूच (फ्लॅश बसवायची खाच) वेगळा. कॅननच्या २००डी मार्क टू आणि ३०००डी या मॉडेलला फ्लॅश बसवायच्या जागी मधली पिनच नाहीये, त्यामुळे फक्त त्या पिनवर चालणारे साधे फ्लॅश आणि साधे ट्रिगर त्यावर पेटतच नाहीत. ऑनलाइन मागवून मग कळण्यापेक्षा इथे बसवून, फायर करून बघा. आणि घरात फिल्म कॅमेऱ्याच्या काळातला जुना फ्लॅश पडला असेल तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका, त्यातल्या काहींच्या ट्रिगरचा व्होल्टेज दोनशेच्या वर असतो, कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. बंद पडलेला फ्लॅश घरी उघडूही नका, सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि जोरदार झटका बसतो.

टीटीएल (कॅमेरा लेन्समधून प्रकाश मोजून पॉवर स्वतः ठरवतो) घ्यावा का मॅन्युअल (पॉवर आपण ठरवायची)? चुळबुळ करणारी लहान मुलं काढत असाल तर टीटीएल, मोठी माणसं एका जागी बसवून काढत असाल तर गोडॉक्स टीटी-६०० सारखा मॅन्युअल, शिकायलाही तोच चांगला.

सेलचं म्हणाल तर साध्या पेन्सिल सेलवर फ्लॅश पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, समोरचा हसून हसून थकतो. चांगले रिचार्जेबल एनआयएमएच सेल चार आणि चार जास्तीचे घ्या, किंवा सरळ लिथियम बॅटरीवाला गोडॉक्स व्ही-८६० घ्या. विमानाने जाताना लिथियमच्या जास्तीच्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवायच्या, एडी-२०० प्रोची बॅटरी सुमारे ४२ वॉट-अवरची आहे, १०० च्या आत असल्यामुळे अडचण येत नाही.

काही जण एलईडी मागतात. व्हिडिओसाठी जरूर घ्या, मोबाइलवर फोटो काढत असाल तरी तोच. पण ६० वॉटचा एलईडी १/२०० सेकंदात ०.३ वॉट-सेकंदाचं काम करतो आणि स्पीडलाइट एका झटक्यात ७० च्या आसपास, त्यामुळे उन्हात एलईडी दिसतच नाही.

पावसाळ्यात फ्लॅश कपाटात ठेवताना सेल बाहेर काढून ठेवा, डब्यात सिलिका जेल टाका आणि महिन्यातून एकदा फ्लॅश चार्ज करून थोडे फायर करा.

भाड्याने न्यायचा असेल तर शनिवार-रविवारसाठी गुरुवारपर्यंत सांगून ठेवा, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागेल. नेताना आमच्यासमोर फायर करून बघा आणि सॉफ्टबॉक्सची घडी कशी घालायची तेही बघून घ्या, त्यातच सगळ्यांचा वेळ जातो.